प्रवेशअर्जाचं शेवटचं पान

(नाशिकमधील एका स्मृती व्याख्यानमालेत पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



मागच्या रांगेत काही मुलंही दिसतायत. आई-वडिलांनी त्यांना धरून आणलंय की तीच आई-वडिलांना धरून आली आहेत, कोण जाणे. (हशा) दोघांचंही स्वागत.

ज्या सरांच्या स्मृतीसाठी आपण दर वर्षी जमतो, त्यांच्या हाताखाली मी नोकरीची पहिली दोन वर्षं काढली. सरांना एक सवय होती. सहीसाठी कागद समोर आला की ते तो मागून वाचायला सुरुवात करायचे. आधी शेवटचं पान, मग पहिलं. आम्ही तरुण प्राध्यापक पाठीमागे हसायचो. पुढे मी एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवता शिकवता वसतिगृहाचा रेक्टर झालो, पंधरा वर्षं राहिलो, आणि मलाही तीच सवय लागली. आज तुमच्यासमोर मी तसंच एक शेवटचं पान वाचणार आहे. तुम्ही सगळ्यांनी त्यावर सही केलेली आहे. वाचून केली असेल असा माझा समज नाही.

ते पान म्हणजे प्रवेशअर्जाच्या शेवटी असलेलं हमीपत्र. बाहेर रांग लागलेली असते, क्लार्क हात पुढे करून बसलेला असतो, मुलगी म्हणत असते, ‘बाबा, करा ना सही.’ बाबा सही करतात. त्या पानावर एक वाक्य असतं. शब्द थोडेफार इकडेतिकडे, पण बहुतेक ठिकाणी तेच: महाविद्यालयाच्या आवारात मद्यपान अथवा मादक पदार्थांचे सेवन करताना आढळल्यास विद्यार्थ्यावर कडक कारवाई करण्यात येईल.

झालं. कॉलेजचं दारू आणि अमली पदार्थांविषयीचं धोरण ते हेच. एक वाक्य. या वाक्यातले तीन शब्द आज आपण उकलून बघू: ‘आवारात’, ‘आढळल्यास’ आणि ‘कडक कारवाई’. आणि मग त्यात नसलेल्या चौथ्या शब्दाबद्दल बोलू.

पण कॉलेजच्या नियमाच्या आधी कायदा उभा असतो, आणि कायदा आपल्या घरात कुणालाच नीट ठाऊक नसतो. म्हणून आधी तो.

आपल्या महाराष्ट्रात कॉलेज सोळाव्या वर्षी सुरू होतं. दहावीचा निकाल लागला की मूल ‘कॉलेजला’ जातं. नुसता शब्द बदलला म्हणून आपण त्याला मोठं समजायला लागतो. कायदा समजत नाही. अकरावी-बारावीचं मूल कायद्याच्या लेखी बालक आहे. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 77 सांगतं की डॉक्टरच्या सल्ल्याशिवाय बालकाला दारू, अमली पदार्थ किंवा तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. देणारा म्हणजे कोण? टपरीवाला, सीनियर, बारचा वेटर. आणि हळदीच्या रात्री पुतण्याच्या हातात बिअरचा ग्लास देऊन ‘घे रे, आता तू कॉलेजला गेलास’ म्हणणारा काका? तोही देणाराच. (हशा) हसताय, म्हणजे असे काका सभागृहात आहेत.

अठराव्या वर्षी मताचा अधिकार मिळतो, ग्लासाचा नाही. महाराष्ट्रात बिअरसाठी वय 21 आणि कडक दारूसाठी 25. आता हिशेब करा. बारावीनंतर चार वर्षांचं इंजिनिअरिंग वेळेवर पार पाडणारा मुलगा बाविसाव्या वर्षी पदवी घेऊन बाहेर पडतो. म्हणजे कॉलेजात असताना कायदेशीरपणे व्हिस्की पिऊ शकणारा विद्यार्थी एक तर पीएचडी करणारा असणार, नाही तर भरपूर केट्या राहिलेला. (हशा) तरीही ‘इंजिनिअरिंगची मुलं थोडीफार घेणारच’ असं आपण किती सहज म्हणतो!

बरं, पंचविशी ओलांडली तरी परवाना लागतो. आपला मूळ कायदा 1949 चा आणि तो दारूबंदीचा आहे. बंदी हा नियम आणि पिणं हा अपवाद. विदेशी दारू प्यायचा एक दिवसाचा परवाना पाच रुपयांना मिळतो, आणि हा परवाना कागदोपत्री तब्येत राखण्यासाठी दिला जातो. आपण सगळे तब्येतीची इतकी काळजी घेणारे लोक आहोत, हे मला रेक्टर झाल्यावर समजलं.

दारूचं हे असं आहे. अमली पदार्थांच्या कायद्यात मात्र विनोदाला जागा नाही.

1985 चा एनडीपीएस कायदा. त्यात पदार्थापेक्षा वजनाला जास्त महत्त्व आहे. प्रत्येक पदार्थाचं एक ‘अल्प’ प्रमाण ठरलेलं आहे आणि एक ‘व्यापारी’. गांजाचं अल्प प्रमाण एक किलोपर्यंत. मुलं ज्याला नुसतं ‘एमडी’ म्हणतात त्या मेफेड्रोनचं किती? दोन ग्रॅम. आणि व्यापारी प्रमाण पन्नास ग्रॅम. पन्नास ग्रॅम म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातली जिऱ्याची लहान पुडी. त्याहून जास्त सापडलं तर किमान दहा वर्षं सक्तमजुरी, आणि जामीन मिळणं महाकठीण.

इथे पालक मला म्हणतात, ‘सर, आमचा मुलगा विकणारा नाही हो, फार तर मित्रांबरोबर कधी घेतलं असेल.’ मित्रांबरोबर म्हणजे कसं? मुलांचा एक शब्द आहे, कॉन्ट्री. पाच जणांनी कॉन्ट्री काढायची आणि एकाने जाऊन आणायचं. हा एक जण कोण असतो? ज्याच्याकडे गाडी आहे तो. गाडी कुणी घेऊन दिली? असो. पण माल आणताना तो पकडला गेला तर त्या क्षणी खरेदी त्याची, ताबा त्याचा आणि वाहतूकही त्याचीच. बाकीचे चौघे खोलीवर वाट बघत बसलेले असतात. मैत्री नावाचं कलम त्या कायद्यात नाही.

हे मी मुंबई-पुण्याचं सांगत नाही. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबई पोलिसांनी आपल्या नाशिकरोडच्या पुढे, शिंदे गावात मेफेड्रोनचा कारखाना पकडला. सुमारे 300 कोटींचा माल. नंतर देवळा तालुक्यात गिरणेच्या पात्रात पाणबुडे उतरवून माल शोधला गेला. मी जन्मभर मुलांना रसायनशास्त्र शिकवलं. अभिक्रिया, तापमान, द्रावक, स्फटिकीकरण. त्या सकाळी पेपर वाचताना कारखान्यातल्या पिंपांचे फोटो बघून माझ्या मनात पहिला विचार आला तो पोलिसांचा नव्हता, आरोपींचाही नव्हता. हे कुणीतरी कुठल्या तरी प्रयोगशाळेत शिकलं असणार, हा होता.

आणि फक्त एमडी कशाला? मालेगावात ‘कुत्ता गोळी’ म्हणतात ती काय असते? अल्प्राझोलम. चिंता कमी व्हावी, झोप लागावी म्हणून डॉक्टर लिहून देतात ती गोळी. तुमच्यापैकी काहींच्या औषधांच्या डब्यात ती आत्ताही असेल, आजीच्या नावाने आणलेली. तो डबा कुठे ठेवता, स्ट्रिपमधल्या गोळ्या कधी मोजता का? कॉलेजचं धोरण विचारायला जाण्याआधी हे एकदा बघा.

आता पहिला शब्द. ‘आवारात.’

नाशिकमध्ये शिकणारी किती तरी मुलं कळवण, सुरगाणा, पेठ, चांदवड, धुळे, नंदुरबारकडून येतात. त्यातली बरीचशी वसतिगृहात राहत नाहीत. ती राहतात कॉट बेसिसवर. एका खोलीत चार कॉट, मालक खाली किंवा सिडकोत किंवा थेट पुण्यात. महिन्याचं भाडं ऑनलाइन. कॉलेज पाच तास, कॉट एकोणीस तास. आणि नियम कुठला? आवारातला. म्हणजे ज्या पाच तासांत मुलगा वर्गात डुलक्या काढतो तेवढ्यापुरता. फाटकाबाहेर पाऊल पडलं की कॉलेजचे हात वर.

फाटकाबाहेर काय असतं, तुम्ही जाणता. 2003 च्या तंबाखू कायद्याप्रमाणे शिक्षणसंस्थेपासून शंभर यार्डांच्या आत सिगारेट-तंबाखू विकता येत नाही. कॉलेजच्या भिंतीवर तशी पाटीही असते. आणि पाटीच्या शेजारी टपरी असते. पाटी वाचायला उजेड टपरीचाच. (हशा) ई-सिगारेटवर तर 2019 पासून देशभर पूर्ण बंदी आहे. विकायची नाही, साठवायची नाही. तरी मुलांच्या दप्तरात ती पेन ड्राइव्हसारखी पडलेली असते आणि आईला वाटतं, पोरगं अभ्यास करतंय.

नियम आवाराबाहेर जाऊच शकत नाही, असं मला अनेक प्राचार्यांनी ऐकवलं आहे. जाऊ शकत नाही? मग रॅगिंगचं काय? 2009 च्या मार्चमध्ये हिमाचलमधल्या एका मेडिकल कॉलेजात अमन कचरू हा पहिल्या वर्षाचा मुलगा सीनियर मुलांच्या मारहाणीनंतर गेला. मारणारे दारू प्यायलेले होते. देश हादरला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगविरोधी नियम केले. ते नियम नीट वाचा. वर्ग, वसतिगृह, मैदान, कँटीन, आवारातलं आणि आवाराबाहेरचंही, इतकंच काय, विद्यार्थ्यांची ने-आण करणारी वाहनंसुद्धा त्यात घेतली आहेत. दर वर्षी विद्यार्थी आणि पालक दोघांचं प्रतिज्ञापत्र. चोवीस तासांचा फोन, 1800-180-5522. म्हणजे मनात आणलं तर नियम फाटक ओलांडतो, बसमध्ये चढतो, खोलीपर्यंत जातो. त्या मुलाला मारणाऱ्या हातांसाठी देशभर नियम झाला. त्या हातांतल्या बाटलीसाठी तसा नियम झाला नाही. ती प्रत्येक कॉलेजच्या त्या एका वाक्यावर सोडून दिली गेली.

मग पालकाने काय विचारायचं? प्रवेशाच्या खिडकीवर सरळ विचारा: माझी मुलगी कॉट बेसिसवर राहणार आहे, तिथे काही झालं तर कॉलेजचा कोण माणूस लक्ष घालेल? नाव सांगा. पद नको, नाव सांगा.

दुसरा शब्द, ‘आढळल्यास’. हा माझा सगळ्यात नावडता शब्द. आढळणार कुणाला? वॉचमनला, रेक्टरला, झाडूवाल्या मावशींना. आणि आढळावं असं वाटतं कुणाला? कुणालाच नाही! पंधरा वर्षं रेक्टर होतो, खरं सांगतो. रात्री अकराला जिन्यावर वास आला की पहिली इच्छा होते ती खाली वळायची. कारण एकदा आढळलं की कागद करावा लागतो, कागद वर जातो, वरून विचारणा होते, पेपरात येतं, पुढच्या जूनमध्ये प्रवेश कमी होतात. कॉलेजला नावाची भीती.

आणि पालकांना? त्यांनाही नावाचीच. ‘सर, कुठे बोलू नका, हिचं लग्न व्हायचंय.’ ‘साहेब, दाखला द्या, आम्ही गुपचूप घेऊन जातो.’ दोन भीती समोरासमोर बसतात आणि एक समझोता होतो. दाखला निघतो, मूल दुसऱ्या गावच्या दुसऱ्या कॉलेजात जातं. जाताना सवय बरोबर घेऊन जातं. नव्या कॉलेजला काही कळवलेलं नसतं. आढळलं नाही म्हणजे घडलं नाही.

याचं टोक आपण 19 मे 2024 च्या पहाटे पुण्यात पाहिलं. कल्याणीनगरमध्ये सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातल्या पोर्श गाडीने दोन तरुण इंजिनिअरांचा जीव घेतला. बारावीचा निकाल साजरा करून मुलं निघाली होती. पुढे रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप झाला, त्यात डॉक्टरांना अटक झाली, आई-वडिलांनाही झाली. न्यायालय काय ठरवायचं ते ठरवेल. मला त्यात आपलंच ‘आढळल्यास’ दिसतं. आढळू नये म्हणून माणसं किती लांब जाऊ शकतात! प्रमाण वेगळं, गाडी वेगळी, पण गुपचूप दाखला मागणारे आपण काय त्या रस्त्यावर नाही?

कुणी म्हणेल, मग सगळ्यांची लघवी तपासा. हल्ली ही मागणी वारंवार येते. रसायनशास्त्राचा माणूस म्हणून दोन वाक्यं. दारू शरीरातून काही तासांत निघून जाते. रोज गांजा ओढणाऱ्याच्या लघवीत त्याच्या खुणा आठवडे राहू शकतात. म्हणजे शनिवारी रात्री झिंगून गाडी चालवलेला सोमवारच्या तपासणीत स्वच्छ निघेल, आणि तीन आठवड्यांपूर्वी सोडलेला अडकेल. शिवाय काही साधी औषधंसुद्धा पहिल्या चाचणीत घोटाळा करतात. त्यामुळे तपासणी असेल तर विचारा: दुसरी, पक्की चाचणी कोण करणार, निकाल कुणाच्या कपाटात राहणार, किती जण बघणार?

घरातल्या घरात काय बघायचं, हेही लगे हात सांगतो. एमडी घेणारं मूल दोन-दोन रात्री झोपत नाही आणि मग दिवसभर उठत नाही. जेवण तुटतं, वजन उतरतं, जबडा आवळलेला राहतो. पैसे कमी पडायला लागतात. आधी स्वतःचे, मग आईच्या पर्समधले. पण सांभाळून. परीक्षेच्या आधी झोप सगळ्यांचीच उडते, आणि प्रेमभंगात वजनही उतरतं. एका खुणेवरून निकाल देऊ नका. तीन खुणा तीन आठवडे दिसल्या तर शेजारी जाऊन बसा. फोन हिसकावून घेऊन काही साधत नाही.

आता तिसरा, ‘कडक कारवाई’.

गडकऱ्यांचं ‘एकच प्याला’ 1919 साली रंगभूमीवर आलं. शंभरहून अधिक वर्षं आपण ते बघतो, सिंधूसाठी रडतो आणि घरी येतो. पण सुधाकरने पहिला प्याला कधी घेतला, आठवतं का? तो हुशार वकील. कोर्टात अपमान झाला, मुन्सफाशी वाजलं आणि त्याची सनद काही महिन्यांसाठी काढून घेतली गेली. म्हणजे आजच्या भाषेत काय झालं? निलंबन झालं. कडक कारवाई झाली. मग घरी रिकामा बसलेला, जळणारा माणूस आणि शेजारी प्याला पुढे करणारा तळीराम. आम्ही कॉलेजवाले अजूनही तेच करतो. मुलाला वर्गातून काढतो, वसतिगृहातून काढतो, म्हणजे शिक्षक, मित्र, वेळापत्रक, मेस, सगळं काढून घेतो आणि एक तळीराम तेवढा शिल्लक ठेवतो.

मीही केलंय. ते सांगितल्याशिवाय इथून उतरलो तर सरांना आवडलं नसतं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. बागलाणातला एक मुलगा, दुसऱ्या वर्षाला. चौघे जण खोलीत बाटली घेऊन बसलेले सापडले. तिघांचे वडील शहरातले, दुसऱ्या दिवशी हजर झाले, माफीनामे लिहिले, मुलं राहिली. चौथ्याचे वडील आले नाहीत, कारण त्यांना कळलंच नव्हतं. मी नियमाप्रमाणे पत्र टाकलं होतं, अर्जावर होता त्या पत्त्यावर. तो पत्ता शहरातल्या कुणा दूरच्या नातेवाइकाचा निघाला. मुलगा वसतिगृहातून गेला. कुठे गेला, मी विचारलं नाही. माझी फाइल पूर्ण होती.

पाच-सहा महिन्यांनी त्याचे वडील आले. डाळिंबांची गोणी खांद्यावर. मुलाच्या खोलीचं दार वाजवलं, तर दुसराच मुलगा बाहेर आला. मग ते माझ्या ऑफिसात आले आणि विचारलं, ‘सर, आमचा कुठंय?’

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पत्राची कार्बन कॉपी होती, ती दाखवली. त्यांनी ती हातात धरली आणि परत दिली. गोणी टेबलाशेजारी ठेवून ते शोधायला निघून गेले. मुलगा पंचवटीत एका खोलीवर सापडला. तोवर बाटली मागे पडून गर्दची, म्हणजे ब्राउन शुगरची, पुडी आली होती. पुढे व्यसनमुक्ती केंद्र, दोनदा घसरणं, तिसऱ्यांदा सावरणं, अशी बरीच वर्षं गेली. आज तो बरा आहे. पदवी मात्र राहिली ती राहिलीच. ती गोणी मी शिपायाला वाटून टाकायला सांगितली. मला त्यातलं एकही खाववलं नाही.

आता मजा बघा. मजा कसली, पण बघा. ज्या एनडीपीएस कायद्याची मी एवढी भीती घातली, त्याच कायद्यात कलम 64-अ आहे. ते म्हणतं की सेवन केल्याचा किंवा अल्प प्रमाणाचा गुन्हा असलेला व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य ठिकाणी उपचार घ्यायला तयार झाला, तर त्याच्यावर खटला चालणार नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते. म्हणजे इतका कठोर कायदासुद्धा एक दार उघडं ठेवतो. आणि आमचं हमीपत्र? त्यात दार नाहीच, भिंत आहे. कॉलेज कायद्यापेक्षा कडक! आणि याचा आपल्याला अभिमान वाटतो.

हे दार आपल्याला नवीन नाही, महाराष्ट्राला तर नाहीच. ऐंशीच्या दशकात गर्द शहरांत आली तेव्हा अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांड्यांनी मदत देऊ केली, आणि 29 ऑगस्ट 1986 ला पुण्यात डॉ. अनिता अवचटांनी ‘मुक्तांगण’ सुरू केलं. व्यसन हा आजार आहे आणि आजारी माणसाला खोलीत कोंडून, बडवून बरं करता येत नाही, हे तेव्हापासून मराठी माणूस ऐकतोय. ऐकतोय, पण जातो का? केंद्र सरकारसाठी एम्सने केलेल्या पाहणीचा अहवाल 2019 मध्ये आला. दारूच्या पुरतं आहारी गेलेल्या अडतीस जणांपैकी फक्त एकाला कुठला ना कुठला उपचार मिळाला होता. सदतीस जण घरी. त्यांच्याही घरी कुणी तरी म्हटलंच असेल, ‘कुठे बोलू नका.’

तुमच्यापैकी काहींची मुलं एमएस करायला अमेरिकेला गेली आहेत, काहींची जातील. तिथलं सगळं चांगलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या कॉलेजांतल्या पार्ट्यांनी त्यांनाही रडवलंय. पण तीन गोष्टी उचलण्यासारख्या आहेत. सरकारी पैसा घेणाऱ्या प्रत्येक कॉलेजला दारू आणि अमली पदार्थांविषयीचं धोरण दर वर्षी प्रत्येक विद्यार्थ्याच्या हातात लेखी द्यावं लागतं आणि दर दोन वर्षांनी तपासून बघावं लागतं, हा तिथे 1989 पासूनचा कायदा आहे. दुसरं, एकवीस वर्षांखालच्या मुलाने असा नियम मोडला तर पालकांना कळवायची मुभा कॉलेजला 1998 मध्ये मिळाली. आपल्याकडे? हजेरी कमी पडली की घरी मेसेज येतो, मूल बेशुद्ध सापडलं तर येईलच असं नाही. कधी कळवणार, कुणाला कळवणार, आणि मुलाला आधी सांगून कळवणार का, हे विचारून घ्या. अर्जावर खरा पत्ता आणि खरा फोन लिहा. मी का सांगतोय, ते तुम्हाला कळलं असेल.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. कॉर्नेलसारख्या विद्यापीठांनी 2002 च्या सुमारास असा नियम केला की मित्र पिऊन पडला आणि कुणी मदतीसाठी फोन केला, तर फोन करणाऱ्यावरही कारवाई नाही आणि पडलेल्यावरही नाही. का केला असेल? कारण पोरं फोन करत नव्हती. ‘झोपू दे, सकाळी उतरेल,’ म्हणत होती. उताणं झोपलेलं, शुद्ध हरपलेलं मूल स्वतःच्याच उलटीने गुदमरतं. सगळ्यांनी लक्षात ठेवा: पडलेल्याला कुशीवर वळवा, एकटं सोडू नका, लिंबूपाणी-कॉफी घशात ओतू नका, 108 ला फोन करा. हे आज रात्री मुलांना सांगा. ‘तू पीत नाहीस हे मला ठाऊक आहे, पण मित्र पडला तर’, असं म्हणून सांगा. आणि आपल्या कॉलेजात असा फोन करणाऱ्या मुलाचं पुढे काय होतं, हे प्राचार्यांना विचारा.

तर तो चौथा शब्द. ‘मदत.’ मी असंख्य हमीपत्रं वाचली, त्यात हा शब्द शोधत राहिलो. स्वतःहून ‘सर, माझं चुकतंय, सुटत नाहीये’ म्हणत येणाऱ्या मुलाचं काय करायचं, याबद्दल एक ओळ नाही. ती ओळ नसेल तर कुठलं मूल येईल? आणि ओळ असली तरी ती मुलांना नीट समजावून सांगायला हवी. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत नव्या विद्यार्थ्यांना आधी आश्रमात राहायला नेतात आणि संस्थेची रीत समजावून देतात. प्रत्येकाने खादी घालावी असं मी म्हणत नाही. पण नियम सांगायला दिवस देतात, खिडकीवरचं अर्धं मिनिट नाही.

थोडं आपल्याकडे वळतो, मग थांबतो. आपला जिल्हा द्राक्षांचा. 1999 साली सुला वायनरी आली, मागोमाग इतर आल्या, आणि समोर बसलेल्यांपैकी काहींची द्राक्षं तिकडे जातात. निफाड-दिंडोरीच्या शेतकऱ्याला वाइनवर प्रवचन देण्याइतका मी शहाणा नाही. पण मराठीत आपण पिण्याला ‘बसणं’ म्हणतो. ‘आज बसायचं का?’ इतकं साधं क्रियापद. पाच वर्षांच्या मुलालासुद्धा कळतं की बाबा बसले म्हणजे नुसते बसले नाहीत. तुम्ही प्यावं की नाही, यावर मी बोलणार नाही. मुलाशी मात्र क्रियापद बदलून बोला. ‘मी पितो, इतकी पितो, प्यायल्यावर गाडी चालवत नाही’, हे त्याला बापाच्या तोंडून ऐकू द्या. आणि त्यातलं एखादं वाक्य खोटं पडत असेल, तर हमीपत्रावर सही करताना थोडा हात थरथरू द्या.

दोन फोन लिहून घ्या. 14446, केंद्राचा व्यसनमुक्तीसाठीचा. 1933, अमली पदार्थांची माहिती देण्यासाठी आणि मदत मागण्यासाठी.

आणि एक विनंती. येत्या जूनमध्ये अर्ज भरायला जाल तेव्हा एक साधं पत्र सोबत न्या. पाच ओळींचं, हाताने लिहिलेलं चालेल. स्वतःहून मदत मागणाऱ्या विद्यार्थ्याबाबत आपल्या महाविद्यालयाचं धोरण काय, ते लेखी कळवावे. खिडकीवरचा क्लार्क म्हणेल, ‘असलं पत्र आम्ही घेत नाही.’ आवक-जावक टेबल कुठे आहे ते विचारा, तिथे द्या आणि स्वतःच्या प्रतीवर शिक्का मारून घ्या. मी पंधरा वर्षं टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसलो आहे. एका पालकाचं पत्र फाइलला लागतं. एकाच आठवड्यात चाळीस पत्रांना आवक क्रमांक पडले, तर प्राचार्यांना बैठक बोलवावी लागते.